कॅथेड्रलच्या आवारातली जुनी वाट: ओळखायची कशी, उकलायची कशी

इंग्लंडमध्ये पुरातत्त्वाच्या कामाला लागलेल्या नवख्या माणसाला कॅथेड्रलच्या आवारात मोठं उत्खनन क्वचितच मिळतं. बहुतेक वेळा मिळतो तो एक चर. पावसाच्या पाण्याची नळी बदलायची असते, विजेची केबल टाकायची असते, नाहीतर चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायचा असतो. चर जेमतेम हात-दीड हात रुंद, बाजूला यंत्र उभं, आणि चराच्या भिंतीत बोटभर जाडीची खडीची एक रेघ. ही रेघ म्हणजे कधीकाळची वाट. ती नीट वाचता आली, तर लोक कोणत्या दारानं आत येत, दफनभूमी कुठवर पसरली होती, बांधकामाचे दगड कुठून आत येत, हे सगळं कळू शकतं. नीट वाचली नाही तर दुपारपर्यंत ती यंत्राच्या बकेटमध्ये जाते आणि पुन्हा कधीच मिळत नाही.

पहिल्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी. वाट म्हणजे एक थर नव्हे. आधी जमीन खोदलेली किंवा सपाट केलेली असते, त्यावर भराव, मग बिछाना, मग चालायचं पृष्ठ, त्यावर वापरात साठलेली मळी, मग दुरुस्तीची खडी, पुन्हा मळी. महाराष्ट्रात शिकलेल्यांना हे नवीन वाटू नये. इनामगावच्या जोर्वेकालीन, म्हणजे ताम्रपाषाणयुगातल्या, घरांमधल्या चोपलेल्या जमिनी अशाच एकीवर एक चढत गेल्या आहेत. वाटेचा काळ सांगणारा पुरावा पृष्ठाच्या दगडांत फारसा नसतो. तो खालच्या भरावात आणि वरच्या मळीत असतो. नवखा माणूस नेमकी ही मळी ‘साफसफाई’ म्हणून खरवडून टाकतो. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

खोदण्याआधी

इंग्लंडमधल्या कॅथेड्रलना स्वतःची परवानगीची व्यवस्था आहे. कॅथेड्रलच्या देखभालीचा चर्चचा कायदा प्रथम १९९० मध्ये झाला आणि २०११ मध्ये तो नव्यानं एकत्र केला गेला. आवारातल्या पुरातत्त्वीय अवशेषांना धक्का लागेल अशा कामाला त्याखाली मंजुरी लागते. काम किती मोठं आहे यावर ती त्या कॅथेड्रलची सल्लागार समिती देते किंवा राष्ट्रीय पातळीवरचा आयोग देतो. आवाराचा काही भाग संरक्षित स्मारक असेल, तर १९७९ च्या कायद्यानुसार सरकारची वेगळी संमती घ्यावी लागते. कॅथेड्रलनं नेमलेला पुरातत्त्वज्ञ असतो. कामाचा लेखी आराखडा त्यानं पाहिलेला आहे ना, आणि त्याची प्रत जागेवर आहे ना, हे पहिल्या सकाळीच बघून घ्यावं. आराखड्यात किती खोल जायचं, हाडं लागली तर काय करायचं आणि कोणाला कळवायचं, हे लिहिलेलं असतं.

मग नकाशे काढावेत. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांचे १:५०० प्रमाणाचे नकाशे केले. त्यांत आवारातली एकेक पायवाट, कधी कधी झाडसुद्धा दाखवलेलं असतं. तुमच्या चराची रेघ त्यावर काढा आणि वाट कुठे कापली जाणार, ते मीटरमध्ये लिहून ठेवा. आताच्या नळ्या आणि केबल यांचा नकाशा वेगळा मागा. केबल शोधायचं यंत्र चराच्या रेघेवरून दोन्ही दिशांनी फिरवल्याशिवाय फावडं लावू नये.

कोरडा उन्हाळा असेल तर हिरवळीवरून सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, एक फेरी मारावी. खाली खडी असलेल्या पट्ट्यात मुळांना ओल कमी मिळते, म्हणून तिथलं गवत आधी पिवळं पडतं. वापर थांबलेली वाट गांडुळांनी वर आणलेल्या मातीखाली हळूहळू बुडते, पण कोरड्या दिवसांत तिची रेघ वर उमटते. फोटो काढा, दोन्ही टोकांची मापं एखाद्या पक्क्या भिंतीपासून घ्या. पाऊस पडला की हा पट्टा आठवड्याभरात दिसेनासा होतो.

हत्यारं

४ इंची टोकदार करणी, मऊ आणि राठ असे दोन ब्रश, घमेलं, छोटं फावडं, पाण्याचा फवारा, सुतळी आणि खिळे, ओळंबा, ५ मीटरचा आणि ३० मीटरचा टेप, लेव्हलची दुर्बीण आणि पट्टी, आकृत्यांसाठी न फाटणारी प्लास्टिकची फिल्म आणि कडक शिशाची पेन्सिल. गुडघ्याखाली घ्यायला फोमची चटई विसरू नका. खडीवर तासभर गुडघे टेकले की हात घाई करू लागतो.

चर उघडताना

यंत्राला दातांची बकेट लावू देऊ नये, सपाट धारेची लावायला सांगावी. एका वेळी सुमारे १० सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. तुम्ही बकेटच्या समोर, चालकाला दिसाल असे, पण तिच्या फिरण्याच्या घेराबाहेर उभे राहा. हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्या. हिरवळ आणि तिच्याखालची काळी माती निघेपर्यंत डोळ्यांइतकंच कानांवर लक्ष ठेवा. मातीवरून बकेट घासताना येणारा दबका आवाज बदलून खरखर सुरू झाली की लगेच थांबवा. बरेचदा आवाज खडीच्या आधी कळतो. तिथून पुढे हातानं.

चर १.२ मीटरपेक्षा खोल जाणार असेल, तर बाजूंना आधार किंवा पायऱ्या दिल्याशिवाय आत उतरू नये. त्याहून उथळ चरही ढासळतो, विशेषतः दफनभूमीच्या मऊ, उलटीपालटी झालेल्या मातीत. जुन्या कबरींवरून गेलेल्या चराच्या भिंतीवर कधीही भरवसा ठेवू नये.

ही वाटच आहे का?

खडीचा थर दिसला म्हणजे वाट सापडली असं नाही. तीन गोष्टी हटकून फसवतात.

पहिली, नदीकाठच्या शहरांतली नैसर्गिक वाळू-खडी. तिचे दगड सगळ्या बाजूंनी सारखेच गुळगुळीत असतात, खाली जाल तसे बारीक-जाड होत जातात, आणि मध्ये खापराचा तुकडा सापडत नाही. वाटेतल्या दगडाची वरची बाजू झिजून सपाट झालेली असते, खालची मात्र खडबडीत राहते. एक दगड अलगद उचलून दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवा. फरक नखाला लागतो. पुस्तकं वाचून हे कळत नाही, दहा-बारा दगड हातात घेतले की कळतं.

दुसरी, बांधकामाचा चुना. कॅथेड्रलची भिंत बांधताना किंवा दुरुस्त करताना सांडलेला चुना पायाखाली तुडवला जाऊन पांढरा थर होतो आणि अगदी जमिनीसारखा दिसतो. तो भिंतीजवळ जाड असतो, दूर जाईल तसा विरळ होत जातो, खाली बिछाना नसतो, आणि करणीनं टोचला की भुसभुशीत लागतो. मुद्दाम केलेल्या पृष्ठाची जाडी बरीचशी एकसारखी असते आणि वरची साल आतल्या भागापेक्षा कडक असते.

तिसरी, पाथरवटांच्या कामाचा चुरा. इथे उत्तर सरळ नसतं. दगड घडताना निघालेल्या छिलक्यांचे ढीग आवारात पडत आणि पुढे तेच वाटांवर पसरले जात. म्हणजे हा थर कचराही असू शकतो आणि वाटही. छिलके कसेही आडवेतिडवे पडलेले असतील तर कचरा समजावा. आडवे, घट्ट दाबलेले, वरच्या कडा बोथट झालेले आणि मधल्या फटींत गडद बारीक माती बसलेली असेल, तर लोक त्यावरून चाललेले आहेत.

पृष्ठावर सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर जाडीचा, गडद, दाबलेला, पापुद्र्यांनी सुटणारा थर मिळाला आणि त्यात खापरं सपाट पडलेली असली, तर आता शंकेला फार जागा राहत नाही. ही तीच मळी.

साफ कसं करायचं

आधी मळी वेगळी काढा, तिला वेगळा क्रमांक द्या, तिच्यातल्या वस्तू वेगळ्या पिशवीत घाला. मग पृष्ठाकडे वळा. करणी आडवी धरून, स्वतःकडे ओढत, मागे सरकत काम करा. साफ केलेल्या भागावर पुन्हा गुडघा टेकायचा नाही. करणीला दगड अडकला तर तो उपटू नये. हलतोय म्हणजे सुटा आहे असं प्रत्येक वेळी नसतं. बिछान्यातली माती सुकली की घट्ट बसलेले दगडही हलतात. म्हणून कोरड्या दिवशी आधी पाण्याचा हलका फवारा मारा आणि पाच मिनिटं थांबा. रंगही उघडतात आणि दगडही धरून राहतात. चिखल होईल इतकं पाणी मारलं तर बारीक माती फटींत वाहून जाते आणि झिजेच्या खुणा झाकल्या जातात.

काठ शोधा. उभ्या विटा किंवा दगड लावलेला काठ पटकन दिसतो. काठ नसलेल्या वाटेची खडी कडेला विरळ होत मातीत मिसळते. तिथे खडी संपेल तिथे काठ, असं धरू नका. मधल्या घट्ट भागाची आणि कडेच्या विखुरलेल्या भागाची सीमा आकृतीत वेगवेगळ्या रेघांनी दाखवा.

नोंद

प्रत्येक थराला, प्रत्येक खोदलेल्या खड्ड्याला, प्रत्येक दुरुस्तीला स्वतंत्र क्रमांक. अशा प्रत्येक एककाला ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणतात. इंग्लंडमध्ये थराचा क्रमांक गोल कंसात आणि खोदलेल्या खड्ड्याचा चौकोनी कंसात लिहायची पद्धत रूढ आहे. थराचं वर्णन ठरावीक क्रमानंच लिहावं: घट्टपणा, रंग, घटक, अधूनमधून मिसळलेल्या वस्तू आणि त्यांचं प्रमाण, जाडी आणि विस्तार, आणि शेवटी कोणत्या हत्यारानं, कसल्या हवेत खोदलं ते. शेवटचा मुद्दा नवखे गाळतात. पण संध्याकाळच्या कमी उजेडात यंत्रानं खोदलेल्या थराच्या वर्णनावर किती विसंबायचं, हे वाचणाऱ्याला त्यावरूनच कळतं.

सपाटीवरची आकृती १:२० आणि उभ्या छेदाची १:१० प्रमाणात. वाटेच्या बाबतीत उंचीचे आकडे आकृतीइतकेच महत्त्वाचे. हिशोब साधा आहे. समजा, माहीत असलेल्या खुणेची उंची १८.४२ मीटर आहे आणि तिच्यावर पट्टी ठेवून दुर्बिणीतून १.३६ दिसतं. दुर्बिणीची उंची १९.७८. आता पट्टी वाटेच्या मध्यावर ठेवल्यावर १.९१ दिसलं, तर तिथली उंची १७.८७. असे आकडे वाटेच्या आडव्या रेषेवर दोन्ही काठांवर, मध्यावर आणि दर अर्ध्या मीटरवर घ्या. लांबीच्या दिशेनं दर मीटरवर एक पुरतो. मध्य १७.८७ आणि दोन्ही काठ १७.७९ च्या आसपास आले, तर पाणी वाहून जावं म्हणून मध्ये फुगवटा ठेवलेला आहे. उलट मध्यच खोल असेल तर झीज, किंवा खाली काहीतरी खचलंय. आकडे घेतले नाहीत तर डोळ्यांना हा फरक दिसत नाही.

फोटोंवरून त्रिमितीय प्रतिमा करायची असेल, तर शेजारच्या दोन फोटोंत साठ ते ऐंशी टक्के भाग सामाईक हवा. ढगाळ हवा उत्तम. स्वतःची सावली आत येऊ देऊ नका.

थरांचा आपसातला क्रम मांडायची चौकटींची आकृती हॅरिस मॅट्रिक्स म्हणून ओळखली जाते. एडवर्ड हॅरिस यांनी ती १९७३ मध्ये विंचेस्टरच्या उत्खननाच्या नोंदींवर काम करताना तयार केली. विंचेस्टरच्याच कॅथेड्रलशेजारी १९६० च्या दशकात मार्टिन बिडल यांच्या नेतृत्वाखाली जुन्या मिन्स्टरचा, म्हणजे आताच्या कॅथेड्रलच्या आधीच्या चर्चचा, पाया उकलला गेला. आज हिरवळीत विटांनी आखलेला त्याचा नकाशा दिसतो. मॅट्रिक्स रोजच्या रोज भरा. वाटेत वर-खाली पन्नासेक कॉन्टेक्स्ट सहज होतात, आणि आठवड्याच्या शेवटी आठवून भरलेला मॅट्रिक्स हमखास चुकतो.

आडवा छेद

पृष्ठाची नोंद पुरी झाली की वाटेला काटकोनात, अर्धा ते एक मीटर रुंद पट्टी घेऊन खाली जा. पट्टी दोन्ही काठांच्या पलीकडे निदान अर्धा मीटर न्यावी. नाहीतर वाटेसाठी खोदलेल्या उथळ खड्ड्याची कड सापडत नाही, आणि वाट आजूबाजूच्या जमिनीत बसवली की तिच्यावर रचली, हे कायमचं अनुत्तरित राहतं. उरलेली वाट शक्यतो जागेवरच राहू द्या.

काळ ठरवताना भरावातली सर्वांत नवी वस्तू महत्त्वाची. भरावात रोमन कौलाचा तुकडा, हिरव्या लुकणाचं मध्ययुगीन खापर आणि मातीच्या चिलिमीची नळी मिळाली, तर वाट सोळाव्या शतकाच्या अखेरीआधीची असूच शकत नाही, कारण इंग्लंडमध्ये या चिलिमी तेव्हा सुरू झाल्या. कॅथेड्रलची शहरं बरेचदा रोमन शहरांवर वसलेली असल्यामुळे रोमन कौलं तर जिथे तिथे मिळतात. त्यांच्यावरून वाट रोमन ठरवणं ही फार जुनी चूक आहे. तुकडा पृष्ठाखाली पूर्ण झाकलेल्या भागातून आला की उंदीर-घुशीच्या बिळातून, हे पिशवीवरच लिहा. राखाडी, कडक सिमेंट दिसलं तर १८२४ नंतरचं, कारण पोर्टलँड सिमेंटचं पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिननं त्या वर्षी घेतलं. काळ्या डांबरात घोळवलेली खडी दिसली तर बहुधा विसावं शतक. तरी तीही नोंदवा. शंभर वर्षांपूर्वी लोक कुठून चालत होते, हाही इतिहासच आहे.

मळीचा निदान १० लिटर नमुना घ्या, स्वच्छ झाकणाच्या बादलीत, आत एक आणि बाहेर एक लेबल लावून. थर फार पातळ आणि महत्त्वाचे असतील, तर छेदाच्या भिंतीतून धातूच्या डब्यात अखंड ठोकळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात. डब्यावर वरची बाजू कोणती, ते बाणानं दाखवा.

कबर आणि वाट

आवारातलं सर्वांत नाजूक काम हे. कबर वाट कापून गेली असेल तर कबर नंतरची, इतकं सोपं. पण वाट कबरीवरून गेली असेल तर काय दिसतं, ते नीट बघा. शवपेटी कुजते, वरची माती खाली बसते, आणि वाट तिथे खचते. पृष्ठ साफ केल्यावर साधारण १.८ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद, पूर्व-पश्चिम, मध्ये तीन-चार बोटं खोल असा उथळ खळगा मिळतो. त्यात कुणीतरी नंतर वेगळ्या रंगाची खडी भरलेली असते. काही वर्षांनी पुन्हा खचलं, पुन्हा भरलं. झीज माणसांच्या चालण्याच्या दिशेनं लांबट होते. हा खळगा वाट कुठल्याही दिशेला जात असली तरी पूर्व-पश्चिमच राहतो. असा खळगा दिसला की खालच्या माणसाचा विचार करून थांबा. खळगा, भरलेली खडी, प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्या, आणि खाली जायचं की नाही हे कॅथेड्रलच्या पुरातत्त्वज्ञाला विचारा.

सुटी हाडं दफनभूमीच्या मातीत सगळीकडे मिळतात. सांध्यांत जुळलेली हाडं दिसली तर काम बंद, हाडं झाकायची, लोकांची नजर पडणार नाही असा आडोसा करायचा, आणि कळवायचं. हाडं हलवण्याची परवानगी वेगळी असते. फोटो मोबाईलवर कुणालाही पाठवू नयेत. ती कुणाची तरी माणसं आहेत आणि त्यांच्या श्रद्धेनं त्यांना तिथे ठेवलं आहे.

आणखी एक. अनेक इमारतींत भिंतींना ओल लागू नये म्हणून पुढे भिंतीलगतची जमीन खाली उतरवली गेली. त्यामुळे भिंतीजवळ जुन्या वाटांचा मागमूस नसतो आणि चार-पाच मीटर दूर गेल्यावर त्या अचानक सुरू होतात. ‘वाट दारापर्यंत जातच नव्हती’ असा निष्कर्ष काढण्याआधी भिंतीच्या पायाशी ही उतरवलेली कड शोधा.

जुन्या गोव्यात

हेच काम से कॅथेड्रलच्या आवारात करायचं, तर बऱ्याच गोष्टी बदलतात. १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये पुरी झालेली ही इमारत, तिचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला. त्यामुळे पडझडीचा दगड-चुना आणि पसरलेलं पृष्ठ यांचा घोळ इथेही होऊ शकतो. जुनी चर्च आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा परवाना लागतो. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं.

इथला मुख्य दगड जांभा, आणि खालची मूळ जमीनही जांभ्याचीच. त्यामुळे फरसबंदी आणि कातळ यांत फसगत होते. सांधे शोधा, सांध्यांतला चुना शोधा, चिऱ्याच्या कडेवर हत्याराचे घाव शोधा. पावसानं झिजलेल्या जांभ्यात मऊ माती धुऊन जाते आणि लोहाच्या कडक शिरा उंच राहतात. पायांनी झिजलेल्या चिऱ्यात त्या शिराही घासून सपाट झालेल्या असतात. आणि गोव्याच्या पावसात एका मोसमात साठणारा गाळ इंग्लंडमधल्या कित्येक वर्षांच्या गाळाइतका असू शकतो. मळीच्या जाडीवरून वापराची वर्षं मोजायला जाऊ नये.

बंद करताना

वाट जागेवर राहणार असेल तर तिच्यावर पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, कडा १५-२० सेंटिमीटर वर वळवा, आणि त्यावर धुतलेली, क्षार नसलेली वाळू निदान १० सेंटिमीटर पसरा. समुद्राची वाळू नको. तिच्यातले क्षार दगडात शिरून पृष्ठ फुलवतात. प्लास्टिकचा कागदही नको, त्याखाली पाणी कोंडतं. वाळू हातानं पसरायची, यंत्रानं ओतायची नाही. एक्सेटर कॅथेड्रलसमोर १९७१ मध्ये उघडं पडलेलं रोमन लष्करी स्नानगृह असंच वाळूखाली पुन्हा झाकलं आणि ते आजही तिथे आहे.

कापडावर तारीख लिहिलेलं एक टिकाऊ लेबल ठेवा आणि चराची दोन्ही टोकं व वाटेच्या दोन्ही कडा यांची मापं कॅथेड्रलच्या नळ्या-केबलच्या नकाशावर त्याच आठवड्यात चढवून घ्या. पुढचा चर खोदणारा आधी तोच नकाशा उघडणार असतो.